त्रेपन्न डबे आणि एक झडप

माझ्या हातून पन्नास वर्षांत दूध करपलं ते तीन वेळा. पहिल्या दोन वेळी सासूबाई होत्या, त्यामुळे त्याची चर्चा फक्त सतरा वर्षं चालली. तिसऱ्या वेळी नेमकी थोरली घरी आलेली होती, आणि आमची थोरली मुलगी अग्निसुरक्षा खात्यात तपासनीस आहे.

ज्यांच्या घरात त्या खात्यातलं माणूस नाही त्यांना सांगते, करपलेलं दूध तुम्हाआम्हाला करपलेलं दूध दिसतं. थोरलीला ती 'घटना' दिसली. तिनं पातेल्याचे दोन बाजूंनी फोटो काढले. शेगडीपासून पडद्यापर्यंतचं अंतर टेपनं मोजलं. मग आम्हा दोघांना बाहेरच्या खोलीत बसवून वही उघडली.

"घटना घडली तेव्हा तू कुठं होतीस?"

"बाल्कनीत. समोरच्या बाई पालकाच्या भाजीबद्दल सांगत होत्या."

"किती वेळ?"

"पालकाला लागतो तेवढा."

"आणि बाबा?"

"मी पेपर वाचत होतो," हे म्हणाले, आणि रस्त्यावरचा साक्षीदार असल्यासारखं माझ्यापासून जरा सरकून बसले. आमच्या ह्यांनी छत्तीस वर्षं अभिलेख कार्यालयात काढली. कागद पुढं आला की आपलं नाव त्यावर येऊ नये, एवढी एकच काळजी त्यांनी आयुष्यभर घेतली, आणि तेवढ्यावर त्यांना बढत्या मिळाल्या.

थोरलीनं पिशवीतून एक फॉर्म काढला. आमच्यापासून दोन चौक पलीकडं ज्येष्ठांसाठी एक भोजनालय निघालंय. फॉर्म भरला की दोन्ही वेळचं जेवण खण पाडलेल्या ताटातून मिळतं. दुपारचं बाराला, रात्रीचं साडेसहाला. सोबत घरातली शेगडी काढून टाकल्याचा दाखला जोडायचा.

"साडेसहाला मला भूक लागत नाही," मी म्हटलं.

"लागेल. सवय होते."

"आणि शेगडी का काढायची?"

"कारण शेगडी असली की तू ती पेटवणार, आई."

आता ह्यात खोटं काही नव्हतं, हीच अडचण होती. पण ह्या घरात माझं म्हणावं असं जे आहे ते त्या ओट्याच्या चार फुटांतच आहे. दारावरची पाटी ह्यांची, खिडकीजवळची खुर्ची ह्यांची, टीव्हीचा रिमोट तर सेवाज्येष्ठतेनं ह्यांचाच. मी नवी नवरी म्हणून आले तेव्हा सासूबाईंनी मला तो ओटा पाच वर्षं नुसता पुसायला दिला होता. सहाव्या वर्षी त्यांनी भाजीत मीठ घालायची परवानगी दिली, तो दिवस मला माझ्या लग्नापेक्षा स्पष्ट आठवतो. एवढ्या खटपटीनं मिळवलेली जागा एका पातेल्यापायी सोडायची माझी तयारी नव्हती. मी विचार करायला पंधरा दिवस मागून घेतले आणि तडक समोरच्या दारात गेले.

समोरच्या बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका. सहावीला विज्ञान शिकवायच्या. वर्ग सुटला, बाई सुटल्या नाहीत. इमारतीत लहानथोर सगळे त्यांना बाईच म्हणतात आणि त्या सगळ्यांना सहावीतलेच समजतात.

"सोपं आहे," बाई म्हणाल्या. "महिन्याचा स्वयंपाक एका दिवसात करायचा. पौष्टिक, घरचा. डब्यांत भरायचा, गोठवायचा. मग रोज फक्त गरम करायचं. शेगडी दहा मिनिटं पेटते. लक्षात आलं का?"

"तुम्ही करता असं?"

"मी कशाला करू? मी मासिकात वाचलंय."

थोरलीला ही कल्पना आवडेल असं मला वाटलं नव्हतं. पण ज्या गोष्टीत वेळापत्रक, तक्ता आणि तपासणी आहे ती गोष्ट तिला आवडत नाही असं कधी झालेलं नाही. तिनं तिथल्या तिथं अटी लिहिल्या. स्वयंपाक एकच दिवस, तिच्या देखरेखीखाली. मीठ-तेल नावापुरतं, कारण ह्यांच्या डॉक्टरांनी तसं सांगितलंय. त्याच संध्याकाळी ती शेगडीच्या नळीवर एक झडप बसवणार. दिवसाला वीस मिनिटं ज्योत झाली की झडप आपोआप बंद, ती दुसऱ्या दिवशीच उघडणार. आणि पंधराव्या दिवशी तपासणी. निम्म्याच्या आसपास डबे शिल्लक दिसले तर भोजनालय रद्द. नाही दिसले तर मी मुकाट्यानं सही करायची.

"कबूल?"

"कबूल," हे म्हणाले. सही माझी होती म्हणून ते इतक्या पटकन बोलले.

फ्रीझर मिळाला तो थोरलीच्या कचेरीतल्या कुणाची तरी बदली झाली म्हणून. पेटीसारखा आडवा, वर झाकण, आत मी सहज मावले असते. तो वर आणायला सोसायटीची परवानगी लागणार होती. आमचे सेक्रेटरी पूर्वी वजनमापं तपासायच्या खात्यात होते. वीस वर्षं दुकानदारांची मापं खोटी असतात हे सिद्ध करत फिरलेला माणूस. त्यांना आपण 'आज उकडतंय' म्हटलं तरी ते थर्मामीटर बघून येतात.

"दोन माणसांना एवढा फ्रीझर, वहिनी? काही धंदा वगैरे काढताय का?"

"ह्या वयात?"

"वयाचा रकाना नाहीये. व्यावसायिक वापर करणार नाही, असं लेखी द्या."

दिलं. मग त्यांनी जड सामानाचा छापील अर्ज काढला. इमारत बांधली तेव्हा छापलेल्या त्या अर्जात वस्तू तीनच होत्या. कपाट, पलंग आणि पियानो. फ्रीझरला रकाना नव्हता. नवा रकाना पाडायचा तर सर्वसाधारण सभा बोलवावी लागली असती. सेक्रेटरींनी बराच विचार केला आणि झाकण वर उघडतं ह्या मुद्द्यावर पियानोवर खूण केली. सोसायटीच्या दप्तरात आमच्याकडं आजही पियानो आहे. खालच्या मजल्यावरून एकदा आवाजाची तक्रारही येऊन गेली.

दोन हमालांनी तो वर आणला आणि तेव्हा कळलं की स्वयंपाकघराचं दार चार बोटं कमी पडतंय. शेवटी तो झोपायच्या खोलीत, ह्यांच्या बाजूला, पलंगाला लागून ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी हे म्हणाले, "रात्रभर घोरत होता." पन्नास वर्षं मी हे वाक्य मनात ठेवलं होतं. ह्यांनी ते एका फ्रीझरसाठी पहिल्याच दिवशी वापरून टाकलं.

राहता राहिले डबे. बाईंच्या मासिकात एकसारखे, पारदर्शक, एकात एक बसणारे डबे होते. मी माळ्यावर चढले. म्हणजे हे चढले आणि मी खालून सूचना दिल्या. माळ्यावरून त्रेपन्न डबे निघाले. त्यांतले अकरा माझे.

बाकीचे बेचाळीस कसे आले ते सांगायला हवं, नाहीतर तुम्ही आम्हाला भलतंच काही समजाल. आमच्या इमारतीत पहिल्यापासून एक रीत आहे. कुणाकडून काही डब्यातून आलं तर तो डबा रिकामा परत करायचा नाही. रीत चांगली आहे. फक्त त्यात घडतं असं की डबा धुऊन ठेवायचा, काहीतरी चांगलंसं केलं की भरून देऊ म्हणायचं, आणि चांगलंसं केलं की ते घरातच संपतं. तोवर डबा माळ्यावर जातो. मला त्यांतला प्रत्येक डबा कुठल्या वर्षी, कुणाकडून, कशाला आला ते आठवत होतं. हिरव्या झाकणाचा आला तेव्हा थोरलीला गोवर निघाला होता. लंबगोल आला तेव्हा ह्यांची पहिली बढती हुकली होती, आणि त्यातून केळी आली होती. कडी तुटलेला ज्यांचा, ते कुटुंब तर जागा विकून गेलं, पुन्हा परत आलं, तरी डबा आमच्याकडंच. एवढी स्मरणशक्ती असून परत करायचं तेवढं राहिलं होतं.

स्वयंपाकाच्या दिवशी थोरली सकाळी सहाला आली. हातात अग्निशामक नळकांडं. ते घेऊन ती स्वयंपाकघराच्या एका कोपऱ्यात उभी राहिली ती दिवस मावळेपर्यंत. दाराशी बाई. दोघींच्या मधल्या जागेत मी.

"कोबी आधी उकळत्या पाण्यात दोन मिनिटं, मग गार पाण्यात," बाई म्हणाल्या.

"उकळतं पाणी काठापासून दूर ठेव," थोरली म्हणाली.

"बटाटा गोठवू नका, भुसभुशीत होतो. लक्षात आलं का?"

"चिरून झाला," मी म्हटलं.

"मग आता अनुभव घ्या."

मसुरीची डाळ, राजमा, कोबी, गाजर-वाटाणे, भोपळ्याचं सूप, भात. मीठ मी दोघींच्या डोळ्यांदेखत कमी घातलं. तेल तर इतकं कमी की कढईलाही आश्चर्य वाटलं असावं, कारण तिनं प्रत्येक भाजी धरून ठेवली. सालं टाकायला निघाले तर बाईंनी हात धरला. "सालांत तर सगळं सत्त्व. उकळा, गाळा, गोठवा. पुढं सुपाला कामाला येतं." मी ऐकलं. सालांच्या पाण्याचे चार डबे झाले. रंगानं डाळीसारखेच.

लेबलं ह्यांच्याकडं होती. नुसतं 'डाळ' लिहिलं की ती नोंद होत नाही, असं ह्यांचं मत. म्हणून त्यांनी प्रत्येक डब्याला संदर्भ क्रमांक दिला आणि त्याची किल्ली एका वहीत लिहिली. डबे गार होईपर्यंत पंखा लावून ठेवले होते, तेवढ्यात निम्मी लेबलं उडाली. ती ह्यांनी अंदाजानं परत चिकटवली. उरलेली फ्रीझरमधल्या ओलसरपणानं सुटली आणि चार दिवसांनी तळाशी सापडली, एकत्र, क्रमानं लागलेली.

संध्याकाळी थोरलीनं झडप बसवली. पितळेची, वर एक लाल दिवा. माझ्या शेगडीला लाल दिवा आला तेव्हा मी काही बोलले नाही. माझा अपमान झाला की मी गप्प बसते, आणि घरात ते कुणाच्या लक्षात येत नाही, हा त्यातला मुख्य दोष आहे.

पहिले पाच दिवस आम्ही दिवसाला दोन डबे काढले. डबा उघडेपर्यंत आत काय आहे ते कळायचं नाही. उघडल्यावरही लगेच कळायचं नाही. राजमा म्हणून काढलं ते भोपळा निघायचं आणि भात म्हणून काढलेलं दोनदा भातच निघालं, तेव्हा ह्यांनी वहीत तशी खास नोंद केली. बटाट्याचा अनुभव बाई म्हणाल्या तसाच आला. चवीबद्दल एवढंच सांगते की हे जेवताना पेपर वाचायला लागले, आणि पेपर जुना असला तरी चालायला लागला. पण हिशेबानं सगळं ठीक चाललं होतं. पंधरा दिवस असेच ढकलले असते तर ओटा माझा होता.

सहाव्या दिवशी सेक्रेटरी पियानोची वायर तपासायला आले.

मी तेव्हाच दुपारचा डबा काढून पलंगाच्या कडेला ठेवला होता. स्टीलचा, गोल, एका बाजूला अंगठ्याएवढा पोचा. सेक्रेटरींनी वायर सोडली आणि डब्याकडं बघत राहिले.

"वहिनी, हा हिचा डबा."

त्यांची बायको जाऊन सहा वर्षं झाली. डबा आला होता त्याच्या पाच वर्षं आधी. त्यातून पेरूच्या फोडी आल्या होत्या, ते मला त्या क्षणी नको इतकं स्पष्ट आठवलं.

"ही दर आठवड्याला शोधायची," ते म्हणाले. "म्हणायची, तुम्हीच दुकानं तपासायला जाता तिकडं विसरून आलात. पाच वर्षं ऐकून घेतलं मी. शेवटी शेवटी तर मला खरंच आठवायला लागलं होतं की मीच विसरलो."

मी डबा उचलला आणि त्यांच्या हातात दिला. आत गोठलेली डाळ होती.

"अहो, ह्यात काहीतरी आहे."

"असू दे," मी म्हटलं. "रिकामा देतात का कुठं?"

ते गेले. हे पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, "दुपारचं जेवण गेलं."

"दुसरा काढते."

"रिकामा करून द्यायचास."

"अकरा वर्षं उशिरा द्यायचा, आणि वर रिकामा? मला जिन्यानं जायचं-यायचंय."

हे इथं थांबलं असतं, पण सेक्रेटरींनी ती गोष्ट जिन्यात सांगितली. त्यांनी भल्या मनानंच सांगितली असणार. आमच्या इमारतीत सगळ्यांत जास्त नुकसान भल्या मनानंच होतं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून बेल वाजायला लागली. वहिनींकडं हरवलेले डबे सापडतात, असं झालं होतं.

हिरव्या झाकणाचा गेला, लंबगोल गेला, कडी तुटलेला गेला. प्रत्येक जण दारात उभा राहून आधी "घाई नाही हं" म्हणायचा आणि मग तसाच उभा राहायचा. जे डबे आम्ही खाऊन धुऊन ठेवले होते ते तर रिकामे. मग त्यांत माझ्या डब्यांतलं थोडंथोडं काढून भरायचं. गोठलेली भाजी एका डब्यातून दुसऱ्यात घालायची म्हणजे आधी गरम पाणी हवं, आणि गरम पाण्यात त्या दिवसाची वीस मिनिटं संपून लाल दिवा लागायचा. चौथ्या मजल्यावरचे वकील तीन डबे मागायला आले. ते इमारतीत येऊन नऊ वर्षं झालीत आणि डबे तीस वर्षांचे होते.

"हे तुमचे कसे असतील?" मी विचारलं.

"वहिनी, माझे नाहीत हे तुम्हाला सिद्ध करता येईल का?"

"नाही."

"मग आपण हे आपसांतच मिटवू."

तिन्ही भरून दिले. वाद घालण्यात माझा वेळ गेला असता आणि तेवढ्यात डाळ वितळली असती. बाईही आल्या. त्यांचा डबा चौकोनी, पांढरा. लेबल ह्यांच्या मते राजम्याचं होतं.

बाराव्या दिवशी सकाळी मी झाकण उघडलं तर आत माझे अकरा डबे होते आणि अकराही रिकामे. फ्रीझर मात्र जोरात चालू होता. हवा गोठवत होता बिचारा.

पुन्हा स्वयंपाक करावा तर झडप. वीस मिनिटांत चहा होतो आणि दोन अंडी उकडतात. पंचवीस डबे भरत नाहीत. बाहेरून आणून भरावं तर ते घरचं नाही हे थोरली वासावरून सांगेल, धुराच्या वासावरून ती पेटलेली वस्तू ओळखते. तीन दिवस आम्ही पाव आणि फळं खाल्ली. मी मनात साडेसहाची सवय करायला लागले. एकदा तर घड्याळाकडं बघून पाणी पिऊन पाहिलं.

चौदाव्या दिवशी हे म्हणाले, "तपासणीला माल लागत नाही. साठा दिसावा लागतो."

पन्नास वर्षांत मला पहिल्यांदाच ह्यांच्या नोकरीत रस वाटला. ह्यांनी फ्रीझरच्या तळाशी जुन्या पेपरांचे गठ्ठे रचले. अकरा डब्यांत नळाचं पाणी भरलं, झाकणं लावली, वर मांडले. मग उरलेली लेबलं काढून कोरड्या फडक्यानं पुसली आणि एकेकावर लावली. इतक्या मन लावून काम करताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. सकाळपर्यंत सगळं घट्ट गोठलं. वरून बघितलं तर महिनाभर निघेल असं वाटत होतं.

थोरली आली. झाकण उघडलं, वाकून पाहिलं, वहीत लिहिलं. माझा जीव भांड्यात पडणार एवढ्यात ती म्हणाली, "एक नमुना गरम करून बघू."

"कशाला?" हे म्हणाले. "नोंदी पूर्ण आहेत."

तिनं डबा उचलला, पातेल्यात उपडा केला, शेगडी पेटवली. आम्ही तिघं पातेल्याभोवती उभे राहिलो. बर्फ हळूहळू फिरला, बारीक झाला, नाहीसा झाला. पाणी स्वच्छ होतं. तळाशी पातेल्यावरचा कारखान्याचा शिक्का वाचता येत होता.

"हे काय आहे?"

"सूप," हे म्हणाले.

थोरलीनं चमचा घेतला आणि चव बघितली. "ह्यात काहीही नाहीये."

"मीठ नाही, तेल नाही. तुझीच यादी."

"भाजी कुठंय?"

"गाळून घेतलंय. डॉक्टर म्हणाले पातळ ठेवा."

तिनं दुसरा डबा काढायला हात घातला आणि तो पेपरच्या गठ्ठ्याला लागला. तिनं वरचा पेपर ओढून काढला, तारीख पाहिली, आणि ह्यांच्याकडं पाहिलं. हे पेपराकडं बघून म्हणाले, "हा मी शोधत होतो."

मग मी सगळं सांगितलं. पोच्याच्या डब्यापासून वकिलापर्यंत. थोरलीनं मध्ये एकदाही लिहिलं नाही, ते काही चांगलं लक्षण नव्हतं.

"म्हणजे तू एवढ्या दिवसांचं जेवण वाटून टाकलंस."

"डबे त्यांचे होते."

"डबे त्यांचे होते, आई. जेवण तुझं होतं."

"तू ह्याच इमारतीत वाढलीस ना गं?"

तिनं पिशवीतून फॉर्म काढून जेवणाच्या टेबलावर ठेवला, त्यावर पेन ठेवलं, आणि खुर्ची ओढून दिली. ती मला रागावली असती तर बरं झालं असतं. खुर्ची ओढून दिली म्हणजे संपलंच. मी बसले. शब्द दिला होता. आणि हे दोन मिनिटांपूर्वीपर्यंत 'सूप' म्हणत असले तरी मी त्यांच्या खात्यातली नव्हते. मी पेन हातात घेतलं. शेगडी काढल्याचा दाखला, असं लिहिलेल्या ओळीसमोर चौकोन होता. मला सासूबाई आठवल्या. त्यांना मी ओट्यापासून दूर कधी केलं होतं, आणि तेव्हा त्यांना खुर्ची कोणी ओढून दिली होती, ते काही केल्या आठवेना. बाकी सगळं आठवतं मला.

बेल वाजली. दारात सेक्रेटरी, हातात कागद, चेहरा पडलेला.

"वहिनी, व्यक्तिशः मला डाळ आवडली. मीठ कमी होतं, पण आवडली. मात्र सेक्रेटरी म्हणून हे द्यावं लागतंय. बाईंची लेखी तक्रार आहे."

"कशाबद्दल?"

"त्यांना राजमा सांगून सालांचं पाणी दिलं गेलं."

"ते त्यांनीच करायला लावलं होतं," मी म्हटलं.

"तक्रारीत तसा उल्लेख नाही. पण चौकशीत निघालं की ह्या घरातून बेचाळीस डबे शिजवलेलं अन्न इमारतीत गेलं. म्हणजे व्यावसायिक वापर. तुम्ही लेखी दिलं होतंत." ते कागद वाचायला लागले. "सबब, सदर स्वयंपाकघर सात दिवसांच्या आत बंद करण्यात यावं."

थोरली माझ्या मागून पुढं आली.

"माझ्या आईचं स्वयंपाकघर बंद करायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?"

हा प्रश्न पंधरा दिवसांपूर्वी मला सुचायला हवा होता. हे टेबलावरच्या फॉर्मकडं बघत होते. मी डोळ्यांनीच त्यांना गप्प केलं. गप्प राहण्यात ह्यांना मदत लागत नाही, पण काळजी घेतलेली बरी.

"सोसायटीचा नियम आहे," सेक्रेटरी म्हणाले.

"कितवा? अन्न परवान्याचं खातं वेगळं, अग्निसुरक्षेचं वेगळं. तुमचं काम जिन्यातले दिवे. तिसऱ्या मजल्यावरचा दिवा गेलाय. गच्चीच्या दाराला कुलूप आहे, ते असायला नको. खाली वाळूच्या बादल्यांत लोक झाडं लावतायत. लिहू हे सगळं?"

सेक्रेटरी माघार घेणारे नव्हते. वीस वर्षं त्यांनी दुकानदार पाहिले होते. ते सरळ स्वयंपाकघरात गेले आणि शेगडीकडं बोट दाखवलं. "ही झडप कशाला? घरगुती शेगडीला लाल दिवा नसतो. असली झडप मी हॉटेलांतच पाहिली आहे. हाच पुरावा."

थोरलीनं झडपेकडं पाहिलं. मग तिनं पिशवीतून पाना काढला, गॅस बंद केला, आणि सेक्रेटरींच्या देखत, चार फेऱ्यांत ती झडप काढून ओट्यावर ठेवली. नळी परत जोडली, साबणाचं पाणी लावून बुडबुडे येत नाहीत ते पाहिलं.

"आता?"

"आता घरगुती वाटतेय," सेक्रेटरी म्हणाले. "पण लेखी हवं. मला बाईंना उत्तर द्यायचंय."

ती टेबलापाशी बसली. माझ्याच खुर्चीत. माझ्या हातातलं पेन काढून घेतलं आणि वहीच्या पानावर लिहायला लागली. सरकारी माणूस रागात लिहितो तेव्हा अक्षर फार सुंदर येतं. सदर स्वयंपाकघराची निम्नस्वाक्षरीकर्तीनं समक्ष तपासणी केली असून ते सुरक्षित आढळलं. येथे केवळ दोन व्यक्तींचा दैनंदिन स्वयंपाक होतो. तो गृहिणी स्वतः करते.

"यापुढेही करील, असं घाला," सेक्रेटरी वाकून म्हणाले. "नाहीतर पुढच्या महिन्यात ही बंद करते आणि मागून हॉटेल काढते, असं बाई म्हणतील. त्यांना मी ओळखतो."

थोरलीचं पेन थांबलं. पत्राच्या शेजारीच फॉर्म होता. तिनं पत्राकडं पाहिलं, फॉर्मकडं पाहिलं, माझ्याकडं मुळीच पाहिलं नाही. आमची थोरली हट्टी आहे, उद्धट आहे, पण तिनं सही केलेला एकही कागद आजवर खोटा ठरलेला नाही. वडिलांकडून तिला फक्त नाक आलंय.

"यापुढेही करील," तिनं लिहिलं. सही केली, हुद्दा लिहिला, तारीख घातली. कार्बन लावलेला होताच. एक प्रत सेक्रेटरींना, एक स्वतःला.

"मलाही एक हवी," मी म्हटलं.

"तुला कशाला?"

"नोंदीसाठी."

सेक्रेटरींनी प्रत मिळाल्याची पोच तिथंच टेबलावर लिहून दिली. कागद दोनदा वाचला, घडी घातली, खिशात ठेवला आणि गेले. थोरलीनं फॉर्म उचलला. मला वाटलं फाडते. पण सरकारी माणूस कागद फाडत नाही, तो प्रलंबित ठेवतो. तिनं तो फायलीत सगळ्यांत मागं सरकवला.

"फ्रीझर घेऊन जा तुझा," मी म्हटलं.

"पियानो म्हणून आणलाय. खाली न्यायला परत अर्ज लागेल," हे म्हणाले.

"जेवून जाशील ना?"

तिनं फाईल पिशवीत घातली आणि म्हणाली, "डाळ कर. मीठ घालून."

मी शेगडी पेटवली. थोरलीनं सवयीनं घड्याळात पाहिलं, वही उघडली, आणि टेबलावर, वहीखाली, खुर्चीखाली शोधायला लागली. पेन सेक्रेटरी घेऊन गेले होते.